वैशाखातला आकडा

ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवून पाहण्याची हौस धुळ्या-जळगावात हिवाळ्यात सहज भागते. जानेवारीत धुळ्याचा पारा पहाटे सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. रात्रीची खोली गार असते, पंख्यांचा आवाज चढत नाही आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधली वेगाची पट्टी थोडी उजवीकडे सरकवली तरी कार्ड मुकाट्याने ऐकतं. आधी 100 मेगाहर्ट्झ, मग 150. गेम बंद पडत नाही, म्हणून तोच आकडा पक्का होतो. पण त्या आकड्यात कार्डाच्या ताकदीइतकाच त्या रात्रीच्या गारव्याचाही वाटा असतो, आणि तो गारवा होळीनंतर निघून जातो.

कार्डाचे पंखे फक्त खोलीतली हवा त्याच्यावरून फिरवतात. त्या हवेपेक्षा गार करणं त्यांच्या हातात नाही. म्हणून खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश कार्डही वर चढतं. 20 अंशांच्या खोलीत 65 वर स्थिरावलेलं कार्ड जळगावात मे महिन्याच्या दुपारी, बाहेर 44 आणि घरात 39-40 अंश असताना, त्याच कामाला 85 गाठतं. एनव्हिडियाच्या अलीकडच्या बऱ्याच कार्डांची कमाल मर्यादा 90 ते 93 अंश आहे. तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून कार्ड आपला वेग थोडाथोडा खाली आणू लागतं, म्हणजे कमावलेलं हळूहळू परतच जातं. शिवाय हिवाळ्यात जो वेग पेलत होता तोच तापलेल्या चिपला पेलेनासा होतो. पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात, चित्राचे तुकडे होतात, पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. हे सगळे इशारे आहेत, आणि पहिल्याच इशाऱ्याला आकडा खाली आणावा असं मला मनापासून वाटतं. पंचवीस-तीस हजारांचं कार्ड अनेक घरांत कपाशीच्या किंवा केळीच्या पैशातून आलेलं असतं.

यातलं गणित साधं आहे. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले तर वीज, आणि तितकीच उष्णता, सुमारे 33 टक्के वाढते. गेममध्ये हाती लागणारा फायदा मात्र दहा टक्क्यांच्याही आतच राहतो. म्हणून व्होल्टेजला हात न लावता कोअरचा वेग एका वेळी 25 मेगाहर्ट्झच वाढवावा, दर पायरीला अर्धा-एक तास खरा भार देऊन पाहावं, आणि मेमरीचा वेग नंतर, वेगळा तपासावा. दोन्ही एकदम वाढवले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. आणि शेवटची परीक्षा दुपारी तीन वाजता घ्यावी, रात्री नव्हे.

वेग वाढवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंत सांगितलेले आकडे बहुतेकदा एसी लावलेल्या खोलीतले असतात. रावेर-यावलचा शेतकरी केळीचं रोप बाहेरून आणतो, पण उन्हाळ्याच्या झळांसाठी बागेभोवती शेवरीचं कुंपण इथलं ऊन पाहूनच लावतो. संगणकाच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे फार कमी दिसतो.

कूलरबद्दल दोन मतं ऐकू येतात. कोरड्या मे महिन्यात पाण्याचा कूलर खोली चांगली उतरवतो आणि त्याचा फायदा कार्डाला नक्की होतो. चालू कार्ड हवेपेक्षा गरमच असल्याने त्यावर दव धरण्याची भीती नाही. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातून बारीक तुषार उडतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार सर्किटवर बसला तर तो पुसून जात नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा जोर ओसरतो, तेव्हा खोली मेपेक्षा फारशी गार नसते हेही ध्यानात ठेवावं. जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत अडकतात, तिथे महिन्यातून एकदा सफाई हवीच. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस तर सगळ्यात दुर्लक्षित. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं, म्हणून तिथे पैसे वाचवून कार्डावर खर्च करणं मला पटत नाही.

खानदेशच्या उन्हाळ्यात मला खरं कौशल्य उलट्या दिशेने जाण्यात दिसतं, म्हणजे अंडरव्होल्टिंगमध्ये. वेग आहे तोच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं कमी करत जायचं, कार्ड डळमळलं की एक पायरी वर यायचं. बरीच कार्डं दहा-पंधरा टक्के वीज कमी घेऊनही जवळजवळ तितकीच पळतात, आणि तापमान काही अंशांनी उतरतं. याला हिवाळ्यातल्या विक्रमापेक्षा जास्त चिकाटी लागते, आणि अभ्यास तितकाच होतो.

आफ्टरबर्नरमध्ये सेटिंग जपून ठेवायला पाच जागा असतात. पहिल्या जागेत हिवाळ्याचा आकडा ठेवावा, दुसरीत वैशाखाचा. होळी झाली की दुसरा लावायचा, आणि ऑक्टोबरचं ऊन सरून दिवाळी उलटेपर्यंत पहिल्याला हात लावायचा नाही.