निद्रा हेही एक व्रत

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥



आपल्या बीड जिल्ह्यातील परळीचा प्रभू 'वैद्यनाथ' या नामाने पूजिला जातो. समुद्रमंथनातून प्रकटलेले अमृत व धन्वंतरी भगवान विष्णूंनी येथील शिवलिंगात दडविले. दैत्यांनी स्पर्श करताच ज्वाला उसळल्या आणि शिवभक्तांनी स्पर्श करताच अमृतधारा वाहू लागल्या, अशी या क्षेत्राची कथा आहे. म्हणून येथे येणारा भाविक आरोग्याचे दान मागतो. परंतु मागितलेले दान राखण्याचा नियम आपण पाळतो काय, याचे चिंतन व्हावे म्हणून हे चार शब्द.

देवालयातील नित्योपचार पाहावेत. पहाटे काकडआरतीने देवास जागविले जाते, मध्यान्ही नैवेद्य, सायंकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. जो चराचराचा स्वामी, त्यास निद्रेची गरज ती कोणती? तरीही पूर्वजांनी देवाचा दिवस असा बांधून दिला, तो भक्ताने पाहून शिकावे म्हणून. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना देहाचे तीन आधारस्तंभ म्हटले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही, ज्याचा आहार, झोप व जागृती प्रमाणात, त्याचाच योग दुःख हरण करतो, असे भगवंत सांगतात.

आधुनिक शास्त्राची साक्षही अशीच आहे. देहाच्या पेशींत चालणाऱ्या या कालचक्राचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना सन २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाने वेळ लावून घेते. यकृत व स्वादुपिंड यांची घड्याळे त्यामागे चालतात. अंधार पडल्यावर देहात निद्रेचा रस वाढतो आणि साखर पचविणाऱ्या इन्शुलिनचे कार्य मंदावते. त्यामुळे सकाळी सहज पचणारे अन्न उत्तररात्री घेतल्यास रक्तातील साखर अधिक चढते. शिकागो विद्यापीठाच्या सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांची साखर पचविण्याची शक्ती उणावली. निद्रा अपुरी पडली की भूकही वाढते आणि मेद साठू लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. या व्याधीची कारणे अनेक आहेत. बिघडलेली निद्रा त्यांपैकी एक, आणि बहुतेकांना आपल्या हाती ठेवता येईल असे.

बहुतेकांना असे म्हटले, कारण सर्वांना ते शक्य नाही. याच जिल्ह्यातून दरवर्षी लाखो बंधु-भगिनी कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा आणि वाहन येईल त्या अपरात्री मोळ्या भरायच्या, हा त्यांचा दिनक्रम. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातही कोणीतरी रात्रपाळीस जागतो, तेव्हा आपल्या घरी दिवा लागतो. पोटासाठी जागणाऱ्यास नियमाचे बोल ऐकविणे हा धर्म नव्हे. त्यांना दिवसा अंधारी, शांत जागा व निवांत झोप मिळू देणे, हा आपला धर्म होय. भ्रमणध्वनीच्या उजेडात मध्यरात्र घालविणाऱ्या आपणांस मात्र अशी सबब नाही.

कोणी विचारील, मग महाशिवरात्रीचे जागरण कसे? ते नामस्मरणासाठी वर्षातील एका रात्रीचे आहे. व्रताची रात्र संपते, पारणे होते आणि देह पुन्हा नियमावर येतो. रोजचे निरर्थक जागरण मात्र व्रत नसून व्याधीचे आवतण आहे.

भाविकांस नम्र विनंती :

१. निजण्याची व उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो एकच ठेवावी. प्रौढांनी किमान सात तास झोप घ्यावी.

२. रात्रीचे भोजन निजण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावे. सकाळी काही वेळ उन्हात चालावे.

३. मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवास व जागरण वैद्यांच्या सल्ल्यानेच करावे. औषध परस्पर बंद करू नये.

४. जागरणानंतर लगेच वाहन चालवू नये. चालकास पुरेशी झोप मिळाल्यावरच परतीस निघावे.

५. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. उत्सवास देणगी देणाऱ्या दात्यांनी याचा आग्रह धरावा. रुग्ण, बालक व श्रमिक यांची निद्रा राखणे हेही दानच आहे.

शेजारतीनंतर देवासही कोणी हाक मारीत नाही. तोच मान आपल्या व शेजाऱ्याच्या देहास द्यावा. प्रभू वैद्यनाथ सर्वांस सुखाची निद्रा व निरामय आयुष्य देवोत, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, संस्थान कार्यालय