उन्हाचं झाड जंगलात का?

गांजा हे जंगलाचं झाड नाही. त्याला भरपूर ऊन लागतं, मोकळी आणि कसदार जमीन लागते. हिमालयाच्या उतारांवर भांग आपसूक उगवते, तीही गोठ्यामागे, रस्त्याच्या कडेला, पडीक वाफ्यांत. दाट सावलीत ती जीव धरत नाही. म्हणजे घनदाट रानात गांजाचं पीक सापडलं, तर ते कुणीतरी तिथे नेऊन लावलेलं असतं आणि त्याला ऊन मिळावं म्हणून आधी झाडं पाडलेली असतात. गांजा म्हटलं की आपण व्यसन, गुन्हेगारी आणि कायदा यांवर तावातावाने बोलतो. त्या पाडलेल्या झाडांबद्दल, खालच्या मातीबद्दल, शेजारच्या ओढ्याबद्दल मात्र अवाक्षर निघत नाही.

उत्तर कॅलिफोर्नियात या नुकसानीचा बारकाईने अभ्यास झाला आहे. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी हा तिथला डोंगराळ मुलूख. 1960-70 च्या दशकांत शहरी जगण्याला कंटाळून इथे येऊन राहिलेल्या तरुणांनी आपापल्या जमिनीत गांजा लावायला सुरुवात केली. पुढे त्यात पैसा आला. 1983 पासून सरकारने हेलिकॉप्टरमधून पीक हुडकून उपटण्याची मोहीम उघडली आणि 1984 च्या केंद्रीय कायद्याने, ज्या जमिनीवर लागवड सापडेल ती जमीनच जप्त करण्याचा मार्ग खुला झाला. हेतू स्वच्छ होता. पण लावणाऱ्यांनी त्यातून सोपा अर्थ काढला: स्वतःच्या जमिनीत लावायचंच नाही. पुष्कळांनी राष्ट्रीय वनांचा रस्ता धरला. तिथे पीक सापडलं तरी सरकार जप्त कुणाची जमीन करणार?

त्या रानात फिशर नावाचा प्राणी राहतो. पाणमांजराच्या कुळातला, मांजराएवढा, जुन्या झाडांच्या ढोलीत पिल्लं घालणारा. 2012 मध्ये वन्यजीव अभ्यासक मुराद गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या 58 फिशरची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 46 जणांच्या यकृतात उंदीर मारायच्या औषधाचा अंश सापडला. चार तर त्या विषानेच मेले होते. हे प्राणी मनुष्यवस्तीपासून लांब राहतात. मग उंदराचं औषध त्यांच्या पोटात गेलं कुठून? उत्तर गांजाच्या लपवलेल्या वाफ्यांत मिळालं. कोवळी रोपं उंदीर-घुशींनी कुरतडू नयेत म्हणून लावणारे रोपांभोवती विषाच्या वड्या पसरत होते.

हे विष रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावल्यासारखा फिरत राहतो आणि म्हणूनच शिकाऱ्याला सहज सापडतो. फिशर त्याला खातो, घुबड खातं, आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. त्यात वेळ अशी की रोपं लावायचा हंगाम आणि फिशरच्या मादीचा पिल्लांना दूध पाजायचा हंगाम एकच, वसंत ऋतूचा. मादी मेली की ढोलीतली पिल्लं उपाशी मरतात आणि त्यांची नोंदही होत नाही. कॅलिफोर्नियातल्याच सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या दक्षिण भागातल्या फिशरना 2020 मध्ये अमेरिकेने संकटग्रस्त म्हणून जाहीर केलं, त्यामागच्या कारणांत हे विषही आहे. 2014 मध्ये गॅब्रिएल यांचा कुत्रा उंदीर मारायच्या विषानेच मारला गेला. या संशोधनाची किंमत माणसांनाही मोजावी लागते, एवढं त्यावरून कळावं.

या लपवलेल्या वाफ्यांत कार्बोफ्युरान हे कीटकनाशकही सापडतं. आपल्याकडे शेतकरी त्याला फ्युराडान म्हणून ओळखतात, आणि ते हाताळताना किती जपावं लागतं हेही जाणतात. अमेरिकेत ज्या कीटकनाशकाचा वापर बंद झाला आहे, ते जंगलात बाटल्याच्या बाटल्या पडून असतं. पाण्याची कथा वेगळी नाही. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा. ओढे सर्वांत रोडावतात त्याच महिन्यांत गांजाला सर्वाधिक पाणी लागतं. डोंगरातल्या झऱ्यालाच काळे प्लास्टिकचे पाइप जोडले जातात आणि खालच्या डोहांत वाढणारी कोहो सामन माशांची पिल्लं पाण्याविना मरतात.

नोव्हेंबर 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजा कायदेशीर केला. 1 जानेवारी 2018 पासून दुकानांतून विक्री सुरू झाली. आता तरी जंगल सुटेल, असं अनेकांना वाटलं. पूर्णपणे सुटलं नाही. परवाना, कर, पाण्याचे नियम यांचा खर्च ज्यांना टाळायचा होता ते चोरूनच लावत राहिले, आणि जुन्या वाफ्यांतलं विष, पाइप, खताची पोती तर जिथल्या तिथे राहिली. कायदा बदलला म्हणून माती धुऊन निघत नाही. बंदीचे कट्टर समर्थक आणि बंदीचे कट्टर विरोधक दोघेही ही गोष्ट नजरेआड करतात, म्हणून ती ठासून सांगावीशी वाटते.

आपल्याकडे हे पीक एके काळी उजळ माथ्याने शेतात उभं होतं. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने भांग, गांजा आणि चरस यांची देशभर चौकशी केली. त्या काळात बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खंडवा आणि मुंबई इलाख्यात नगर जिल्हा इथे गांजाची लागवड होई, सरकारी महसुलात त्याची नोंद असे. आयोगाने सरसकट बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. त्यात सरकारचं उत्पन्न हा स्वार्थ होताच, पण कुणाच्या शेतात किती पीक आहे हे निदान माहीत होतं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर चित्र पालटलं. आता विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गांजाची मागणी मात्र संपली नाही. पीक डोंगरात सरकलं.

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांत, वनजमिनीवर कापूस, तूर किंवा मक्याच्या आडोशाला गांजा लावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. या मुलखात पावरा आणि भिल्ल कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना कसण्याचा हक्क मिळाला, तोही लांबलचक कागदोपत्री लढ्यानंतर. एखाद्याने पैशाच्या आशेने चार ओळी लावल्या की संशयाची नजर अख्ख्या पाड्यावर पडते. माल उचलून शहरात विकणारा पोलिसांच्या पंचनाम्यात कुठे दिसतो? मोठा नफा त्याचा, गुन्हा लावणाऱ्याच्या नावावर आणि जखम जंगलाला. मला हा अन्याय वाटतो.

पंचनामा होतो तो असा: झाडं मुळासकट उपटायची, माती झटकायची, पंचांसमोर वजनकाट्यावर ठेवायची, किलोच्या दराने गुणून किंमत काढायची, नमुने सीलबंद करायचे. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते, इतक्या लाखांचा गांजा जप्त. खटल्यासाठी हे आवश्यक आहे. पण उपटलेल्या पिकाखाली जी जागा उरते ती कुणाच्याच हिशेबात येत नाही. तिथे किती झाडं तोडली, पाणी कुठल्या झऱ्यातून वळवलं, कोणतं औषध वापरलं आणि उरलेलं कुठे टाकलं, हे विचारायचं कुणी?

माझी मागणी एवढीच. पोलीस जंगलात गांजा उपटायला जातील तेव्हा वनखात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत हवा. पंचनाम्यात तोडलेल्या झाडांची, वळवलेल्या पाण्याची आणि सापडलेल्या औषधांची नोंद हवी, माती-पाण्याच्या तपासणीचा अहवाल दोषारोपपत्राला जोडला जावा आणि पाइप, डबे, पोती तिथून उचलून नेण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहिलेली असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक यांनी एकत्र बसून ठरवलं तर येत्या हंगामापासून हे सुरू करता येईल.