कपाशीच्या शेतातला डार्विन

२०१७ च्या खरिपात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. बाहेरून टपोरे, हिरवेगार दिसणारे बोंड फोडावे तर आत अळी, किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे बीटी बियाणे २००२ मध्ये आले, तेव्हा आता बोंडअळीची काळजी मिटली, असे सगळ्यांनाच वाटले होते. मग ती परत आली कशी? बीटीच्या विषाने बहुतेक अळ्या मेल्या. ज्या मोजक्या अळ्यांना ते विष जन्मतःच बाधत नव्हते, त्या जगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढत गेली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेला हा विचार आमच्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानात सोसला.

ही निवड मंदावावी म्हणून बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटी कपाशीची एक छोटी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने लावायची. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि विषाला दाद न देणारी पिढी तयार व्हायला वेळ लागतो. ज्याला उत्क्रांती कुणी शिकवलीच नाही, त्याला ही पुडी म्हणजे वाया जाणारी जागाच वाटणार. अनेकांनी ती लावली नाही.

अळीचा हा हंगाम सरतो न सरतो तोच, जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेले नाही, म्हणून शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल हवा, असे त्यांचे म्हणणे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र येऊन त्याला जाहीर विरोध केला. तरीही २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. अभ्यासाचा भार कमी करायचा होता, हे कारण दिले गेले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, हे खरे. पण दहावीनंतर जीवशास्त्र किती मुले घेतात? जे घेत नाहीत, त्यांच्या शिक्षणातून उत्क्रांती कायमची हद्दपार झाली.

हा हट्ट एकाच धर्माचा नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९२५ मध्ये बायबलला धक्का लागतो म्हणून उत्क्रांती शिकवण्यावर बंदी आली, एका शिक्षकावर खटला चालला आणि तो कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडले. तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळण्याचे जाहीर केले. धर्मग्रंथ वेगवेगळे, भीती मात्र एकच: मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारू नये.

मला चीड येते ती याची. देवावर श्रद्धा ठेवणाऱ्याशी माझे भांडण नाही. ज्याला देवासमोर हात जोडायचे त्याने खुशाल जोडावेत. पण वर्गात फळ्यापुढे उभे राहिल्यावर पुरावा बोलला पाहिजे, श्रद्धा नव्हे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून आपल्या राज्यघटनेत नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. मंत्री हाही नागरिकच, आणि पाठ्यपुस्तके ठरवणारी माणसेही नागरिकच.

महाराष्ट्रात मात्र बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ ही आपल्याच शरीरातली अवशेषांगे तिथे मुलांना भेटतात. उद्या तो धडा गाळायची भाषा कुणी केली, तर पालक म्हणून शाळेत जा, शिक्षकांच्या पाठीशी उभे राहा आणि आपल्या मुलाचा हा धडा त्याला मिळालाच पाहिजे, असे ठणकावून सांगा.