छायाचित्र आणि छाया

शिकाऱ्याच्या हातांतील बंदूक जाऊन तेथें कॅमेरा आला, ही गोष्ट आपण सुधारणेच्या खात्यावर जमा करितों. आणि तें वावगें नाहीं. बंदुकीनें पक्षी मरतो. कॅमेऱ्यानें फार तर उडून जातो. छायाचित्रकार पक्ष्याचें एक पीसहि घेत नाहीं. मग त्याच्या छंदाला नीतीच्या न्यायासनापुढें उभें करण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मींहि तो अशाच निश्चिंत मनानें विचारला असता.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेस, येवला-नांदगांवकडे, पाऊस बेताचाच. वैशाखांत तेथील माळ पाहिला तर हें वाळवंटच कीं काय असें वाटावें. अशा उघड्या माळावर टिटवी अंडीं घालते. घरटें म्हणावें असें कांहीं नसतेंच. जमिनींत उथळसा खळगा, भोंवतीं चार खडे, आणि खड्यांच्याच रंगाचीं बहुधा चार अंडीं. पक्षीण अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठीं, अशी आपली समजूत. परंतु वैशाखांतील भर उन्हांत टिटवी बसते ती सावली धरण्यासाठीं. नर व मादी दोघेंहि आळीपाळीनें हें काम करितात. जवळपास पाणी असलें तर पोटाचीं पिसें भिजवून येतात आणि त्या ओलाव्यानें अंडीं थंड ठेवितात.

अशाच एका टिटवीचें छायाचित्र मीं काढलें आहे. सकाळचे दहा वाजून गेले होते. मी जवळ जातांच ती ओरडत उठली. दहा-बारा पावलांवर मांडी घालून मी ती परतण्याची वाट पाहूं लागलों. ती येई, मला पाही आणि माघारीं फिरे. असा पाऊण तास गेला. अखेर ती बसली, आणि मला हवें तें मिळालें. चित्र उत्तम आलें. तें माझ्या बैठकीच्या भिंतीवर आहे. एकदां घरीं आलेल्या एका लहान मुलीनें तें निरखून विचारलें, “मग हिचीं पिलें मोठीं झालीं का?” मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या माळावर मी पुन्हां गेलोंच नव्हतों.

शिकाऱ्याला आपल्या कृत्याचें फळ डोळ्यांनीं पाहावें लागतें. छायाचित्रकाराला ती सक्ति नाहीं. अपराध घडला कीं नाहीं हें न कळणें, हीच त्याची मोठी सोय. परंतु जें अज्ञान दूर करण्याची आपण तसदीच घेतली नाहीं, त्याला निरपराधीपणा म्हणतां येत नाहीं. या बाबतींत कायदा आपल्या मनापेक्षां अधिक सूक्ष्म आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची जी व्याख्या केली, तींत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणें याचाहि समावेश आहे.

यावर छायाचित्राचा कैवारी म्हणेल कीं, चित्रांनींच माणसांना पक्ष्यांविषयीं ममता शिकविली. तें खोटें नाहीं. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनीं १८९५ सालीं घरट्यांवरील आपलें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें, त्या काळीं अंडीं गोळा करणें हाच पक्षिप्रेमाचा शिष्टसंमत मार्ग होता. माळढोक आज जगांत सुमारें दीडशेच उरला आहे, आणि तोहि बहुतेक राजस्थानच्या वाळवंटांत. आपल्या नान्नजला १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तेथें त्याचें दर्शन आतां दुर्मिळ. तो ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं त्यांनाहि त्याच्याविषयीं कळवळा वाटतो, याचें श्रेय पुष्कळसें चित्रांकडेच जातें.

परंतु हा युक्तिवाद पहिल्या चित्राचें समर्थन करितो, हजाराव्याचें नव्हे. माझ्या चित्रानें जगाच्या ज्ञानांत कणाचीहि भर पडली नाहीं. मला टिटवी जाणावयाची नव्हती. ती माझी करावयाची होती. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडें घालते. त्या एका अंड्यावरून तिला उठविण्याचें समर्थन कोणत्या ज्ञानाच्या नांवानें करावयाचें? आणि घरट्यापासून दूर राहिलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून तें दूरवरच्या पिलांना नेऊन पाजतो. वाळवंटांतील एकुलत्या एका पाणवठ्यावर आपण ठाण मांडलें, तर तहानेनें व्याकूळ होणारीं पिलें आपल्याला दिसणारहि नाहींत.

मग कॅमेरा टाकूनच द्यावा काय? तसें मला वाटत नाहीं. याच जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधीं एका वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसानुदिवस चित्रित केली होती. रोप कॅमेऱ्यासाठीं घाईनें वाढलें नाहीं. कॅमेराच रोपाच्या गतीनें चालला. वाट कोणी कोणाची पाहावयाची, हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. त्या सकाळीं मी वाट पाहत आहें असें मला वाटत होतें. खरें पाहतां वाट ती टिटवी पाहत होती—मी जाण्याची. आणि म्हणून माझें चित्र खोटेंहि आहे: घरट्यावर निवांत बसलेली टिटवी असें त्यांत दिसतें, प्रत्यक्षांत ती भय गिळून बसली होती. आपण तेथें नसतों तर पक्ष्यानें जें केलें असतें, तेंच आपल्या देखत त्याला करतां यावें. तेवढें साधत नसेल तर उठून जावें.

या कलेला आपण छायाचित्रण म्हणतों. अंड्यांवरची छाया काढून घेऊन मिळविलेल्या चित्राला तें नांव शोभत नाहीं.

माझें चित्र मीं भिंतीवरून उतरविलेलें नाहीं. कोणी त्याची वाखाणणी करूं लागलें, म्हणजे त्या मुलीनें काय विचारलें तें मी सांगतों.