माहुलची हवा आणि पुराव्याचा पेच

मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहितात, पक्षाघात लिहितात, फार तर दमा. हवा कुणी लिहीत नाही. लंडनमध्ये एकदा लिहिली गेली. एला किसी-डेब्रा ही ९ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. पहिल्या चौकशीत प्रदूषणाचा विषयच नव्हता. त्या चौकशीचा निष्कर्ष तिच्या आईने उच्च न्यायालयातून रद्द करून घेतला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२० मध्ये वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूचं एक कारण ठरलं.

आपल्याकडे सरकार संसदेत वर्षानुवर्षं एकच उत्तर देतं: मृत्यू निव्वळ प्रदूषणानेच होतात, असं दाखवणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही, आणि लबाडी तिथेच आहे. निव्वळ एका कारणाने माणूस मरतो कधी? अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि हृदयाचं, मेंदूचं आधीच चाललेलं दुखणं वाढवतात. हा परिणाम लोकसंख्येत दिसतो, एकट्या माणसात बोट ठेवून दाखवता येत नाही. पुरावा मात्र एकट्या माणसाचा मागितला जातो.

मुंबईत हा पेच पाहायचा तर चेंबूरजवळच्या माहुलला जावं. १९५०च्या दशकात इथे तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग खतकारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या साठवणटाक्या. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने पाहणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. आणि एवढं सगळं कागदावर असताना, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबं २०१७ पासून इथल्याच इमारतींत आणून ठेवली गेली!

पुनर्वसनाचं घर देताना पात्रतेचे कागद तपासतात; फुप्फुसं तपासायची पद्धत नाही. खरं तर शास्त्राला अशी संधी क्वचित मिळते. एकाच शहरातले, एकाच आर्थिक थरातले लोक अमुक तारखेला एका हवेतून दुसऱ्या हवेत गेले. येण्याआधीची श्वासाची मोजणी असती, तर ‘आमचं पोर इथे आल्यापासून खोकतंय’ या आईच्या तक्रारीला आकड्याचं बळ मिळालं असतं. ती मोजणी नसली की तक्रार करणाऱ्यालाच विचारलं जातं: घरात कुणी विडी ओढतं का? चूल पेटवता का? ओल आहे का? प्रश्न गैरलागू नाहीत. पण ते चिमणीला कुणी विचारत नाही.

त्यात आपली मानकंही सैल. बारीक कणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. बेंझिनसाठी आपण ५ ही मर्यादा घातली आहे. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो आणि त्याची निर्धोक पातळी सांगता येत नाही, असं हीच संघटना म्हणते. म्हणजे मर्यादेच्या आतली हवा निरोगी असतेच असं नाही, ती फक्त कायदेशीर असते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काढलेली वाट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कुणाचं फुप्फुस नेमकं कशाने बिघडलं, याचा निवाडा होईपर्यंत लोकांना तिथे थांबवून न ठेवता, या हवेत माणसांना राहायला भाग पाडता येणार नाही, असं न्यायालयाने धरलं. दुसरीकडे घर देता येत नसेल, तर महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. व्यक्तीचा पुरावा नसतानाही जागेबद्दल निर्णय घेता येतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

मात्र हा दिलासा बाहेरून आणलेल्यांपुरता. माहुल गावठाणातले कोळी कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. त्यांना कुणी आणून ठेवलं नाही, म्हणून त्यांना भाडंही नाही. लवादाकडे दाद मागणारे मात्र तेच होते.