उसन्या शिक्क्याची श्रद्धा

रविवार, ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाने कोणाचे काय बिघडले असेल ते असो. पण त्या निमित्ताने भ्रमणध्वनीवरून जे संदेश पुण्यात घरोघर फिरले, त्यांनी माझे मन जितके विटले, तितके आदल्या दिवशीच्या विसर्जन मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींनीही विटले नाही.

वेध पाळणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ज्यांनी दुपारपासून अन्न वर्ज्य केले, मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास मोक्ष झाल्यावर स्नान केले आणि सकाळी यथाशक्ति दान दिले, त्यांची कैफियत ‘आमच्या घरी हे असेच चालत आले आहे’ एवढीच असते आणि ती मला मंजूर आहे. ‘पाळले तर बिघडले कोठे’ म्हणणाऱ्यांनाही मी सोडून देतो. माझा संताप आहे तो ‘यामागे मोठे विज्ञान आहे’ असे सांगणाऱ्यांवर. ग्रहणकाळात म्हणे चंद्राकडून घातक किरण येतात, त्यांनी अन्नात जंतू माजतात, म्हणून भांड्यावर तुळशीपत्र वा दर्भ ठेवावा; आणि या सर्वांवर शिक्कामोर्तब म्हणून शेवटी ‘नासा’चे नाव!

कोणते किरण? चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. पौर्णिमेचे भरचांदणेही सूर्यप्रकाशाचा सुमारे चार लाखावा भागच असते, आणि ग्रहणात पृथ्वी मध्ये आल्यामुळे तेवढेही राहत नाही. जो तांबूस उजेड त्या रात्री चंद्रबिंबावर दिसतो, तो आपल्याच वातावरणातून वाकून गेलेला सूर्याचा प्रकाश असतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असेल, तेथला तो रंग. म्हणजे ग्रहणात चंद्राकडून आपल्याकडे येते ते नेहमीपेक्षा कमी. बरे, चांदणे आटल्यामुळे अन्न नासते म्हणावे, तर प्रत्येक अमावास्येला महाराष्ट्रातील यच्चयावत स्वयंपाकघरे रिकामी करावी लागतील. जंतूंची वाढ उष्णतेवर, ओलाव्यावर आणि वेळेवर अवलंबून असते. दुधाची दोन भांडी शेजारी ठेवून, एकावर दर्भ ठेवून आणि दुसऱ्यावर न ठेवता, हे कोणालाही एका रात्रीत पाहता आले असते. हे संदेश पाठविणाऱ्यांपैकी कोणी ते केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विज्ञानाचे नाव हवे. प्रयोगाची तसदी मात्र नको!

आणि या मंडळींनी निदान पंचांग तरी नीट वाचावे. मी पंचांग आवडीने वाचतो, कारण एवढा काटेकोर दस्तऐवज आपल्या घरांत दुसरा नसतो. त्यात बाल, वृद्ध, आजारी, अशक्त आणि गर्भवती यांना वेधांत स्पष्ट मुभा दिलेली असते. इतरांचे वेध दुपारी लागले तरी मुभा असलेल्यांनी ते सायंकाळपासून पाळावेत. वेधांचे कारण जर जंतू असते, तर अशक्तांनाच अधिक कडक बंधन घालावे लागले असते. ज्याने ही मुभा लिहिली त्याच्या ठायी करुणा होती; आमच्या आजच्या ‘वैज्ञानिकां’नी धर्मातील ती करुणा तेवढी काढून टाकली आणि भय ठेवून घेतले. त्या रात्री किती घरांत किती सुना पोटात भूक घेऊन, हात-पाय न हलविता, सुरीला न शिवता बसविल्या गेल्या असतील! सासूने ‘माझ्या समाधानासाठी बस’ म्हटले असते तर सुनेला नाही म्हणता आले असते; ‘बाळाला व्यंग येते हे सिद्ध झाले आहे’ म्हटल्यावर कोणती आई नाही म्हणेल? इस्लामपुरात २०२० सालच्या सूर्यग्रहणात एका गर्भवतीने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसमक्ष भाजी चिरली व पुढे तिला निरोगी मूल झाले. त्या बाईचे धैर्य मला मोठे वाटते.

विज्ञान आणि परंपरा या दोन्हींचा शिक्का एकाच वेळी मिरविण्याचा हा मोह जुना आहे. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते, हे आर्यभटाने ४९९ साली लिहून ठेवले. त्यानंतर ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात छायेवरूनच ग्रहणाचे गणित दिले, आणि त्याच ग्रंथात, राहूला न मानणे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून आर्यभटादिकांना दूषणही दिले. सुमारे चारशे वर्षांनी हा मजकूर वाचणाऱ्या परदेशी विद्वान अल्बेरूनीला, एवढा मोठा गणिती आपल्या विवेकाविरुद्ध असे का बोलला असावा, या विचाराने, लोकमताविरुद्ध बोलून प्राणास मुकलेल्या सॉक्रेटिसाची गती आठवली. ब्रह्मगुप्ताला भय असेल. त्याला मी क्षमा करीन. हातातल्या यंत्रावर ग्रहणाचा मिनिटाबरहुकूम काळ पाहणाऱ्यांना कोणाचे भय आहे?

पूर्वीचे विरोधक निदान उघड बोलत. याच पुण्यात समाजसुधारक आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. ते कृत्य हीन होते. पण काढणाऱ्यांनी ‘हा धर्म बुडवितो’ असे उघड म्हटले. आगरकरांच्या म्हणण्यामुळे जंतू वाढतात असे म्हटले नाही. त्यामुळे आगरकरांना वाद घालता आला आणि परलोकाच्या आमिषावाचून माणूस सदाचारी राहू शकतो, हे स्वतःच्या आयुष्याने दाखविता आले. आज कोणाशी वाद घालावयाचा? शंका विचारली तर ही समजूत श्रद्धा ठरते आणि तिला हात लावावयाचा नसतो. शंका विचारणारा निघून गेला की तीच समजूत पुन्हा विज्ञान होते. ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही आयुष्यभर असल्याच शंका विचारीत होते. २०२५ सालचा तो दिवस होऊन तीन आठवडेही झाले नाहीत तोच हे संदेश फिरले, आणि ते पाठविणाऱ्यांत माझ्या परिचयाचे सुविद्य गृहस्थ होते, याचे मला दुःख झाले.

विज्ञान म्हणविले की हिशेब द्यावा लागतो. मे २०२५ मध्ये निवर्तलेल्या खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह या शहरातच फलज्योतिषाचा असा हिशेब घेतला होता: २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि त्यांतील हुशार मुलांच्या कोणत्या व मतिमंद मुलांच्या कोणत्या, एवढेच ओळखावयास सांगितले. एकंदर उत्तरे नाणे उडवून मिळाली असती त्याहून बरी निघाली नाहीत. ज्यांनी त्या चाचणीत भाग घेतला, त्यांचा मी आदर करतो. ते कसोटीला उतरले नाहीत, पण कसोटीस उभे तरी राहिले.

३ मार्च २०२६ ला, धूलिवंदनाच्या दिवशी, पुन्हा चंद्रग्रहण आहे. रस्त्यांवर पुन्हा ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतील आणि पुन्हा तेच संदेश निघतील. पाठविणाऱ्यांनी या वेळी प्रयोग कोणी केला, कोठे केला आणि कोणत्या साली केला, हे तीन रकाने भरून मगच ते पाठवावेत. रकाने कोरे असतील तर माझ्याकडे ते दाखल करून घेतले जाणार नाहीत.