दडवलेले पत्र

नियमाने पाहिले तर तनप्पा हा गुन्हेगारच ठरतो. आर. के. नारायण यांच्या 'द मिसिंग मेल' या कथेतील हा टपालवाला मालगुडीच्या विनायक मुदली रस्त्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे पत्रे वाटत आलेला आहे. मात्र त्याचे वाटणे हे नुसते वाटणे नसते. पत्र हाती देऊन तो टेकतो, मजकूर काय म्हणून विचारतो, ज्याचे पत्र आलेले नाही त्याला धीर देतो. रामानुजम नावाच्या कारकुनाच्या मुलीचे लग्न जुळविण्यातही त्याचा हात आहे. मुहूर्त २० मेचा ठरतो. तो हुकला तर वर दूर निघून जाणार आणि स्थळ हातचे जाणार, हे सर्वांना ठाऊक आहे. नेमके लग्नाच्या तोंडावर सेलमहून कार्ड येते की रामानुजमचे काका अत्यवस्थ आहेत; पाठोपाठ ते वारल्याची तार येते. तनप्पा दोन्ही स्वतःजवळ ठेवून घेतो. मंगलाष्टके होतात, पंगती उठतात, मुलगी सासरी जाते. काही दिवसांनी तो कार्ड आणि तार घेऊन रामानुजमच्या दारात उभा राहतो आणि तक्रार करायची असेल तर अवश्य करा, असे सांगतो.

नोकरी गेली असती एवढाच येथे प्रश्न नाही. एका माणसाचे दुःख दुसऱ्याने परस्पर पुढे ढकलले. ज्याचे सुतक त्याला ते पाळू दिले नाही. हेतू निर्मळ होता, परिणाम शुभ होता, फसवणूकही होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतील कोणतीही एक दुसरीला रद्द करीत नाही.

ही कथा १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' या मालिकेतून देशभर गेली. दिग्दर्शक शंकर नाग होते. होन्नावर परिसरात जन्मलेला हा कोकणीभाषक नट मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला होता आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्याचा वाटा होता. चित्रीकरण सह्याद्रीतल्या आगुंबे या पावसाळी गावी झाले, आरंभीची रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचे. स्वामीच्या भूमिकेतला मास्टर मंजुनाथ आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेतले गिरीश कर्नाड हे त्या काळी घरोघरचे झाले. शंकर नाग १९९० साली मोटार अपघातात गेले, त्या वेळी त्यांना छत्तिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. मालिका मात्र राहिली. आधी पुनःप्रक्षेपणांतून आणि पुढे तबकड्यांवरून ती घरच्या कपाटात येऊन बसली.

या कपाटात येऊन बसण्याने एक फरक पडतो. दूरदर्शनवरचा भाग ठरल्या वेळी येई, चाळीतले वा आळीतले निम्मे लोक एकाच खोलीत बसून तो पाहत, आणि तो निघून जाई. त्याच्याबरोबर जे हसू यायचे ते सामुदायिक असे. कोणी मध्येच थांबून विचार करू लागला तर पुढचे दृश्य निसटे. घरच्या तबकडीला घाई नाही. तेथे दृश्य थांबवता येते, मागे नेता येते. पहिल्या खेपेस नजर दिग्दर्शक नेईल तिकडे जाते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती चौकटीच्या कडेला जाऊ लागते. स्वामी चेंडूफळीच्या नादात धावत असतो, तेव्हा मागे डोक्यावर ओझे घेऊन जाणारी बाई कोण, हा प्रश्न १९८६ साली कोणाला पडला नसेल. आज तो पडतो. बालपणीची वस्तू प्रौढपणी पुन्हा हाती घेणाऱ्याला काय सापडते, याचे उत्तर बहुधा 'गोडवा' असे दिले जाते. ते अपुरे आहे. त्याला आपण तेव्हा काय पाहिले नव्हते हे सापडते, आणि ते फारसे सुखाचे नसते.

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या वाटेवर असलेल्या ओरत्तनाडुसारख्या गावी बसून ही मालिका पाहिली तर हे अधिकच जाणवते. बाजाराचा रस्ता, शाळा, देऊळ, एकमेकांची बित्तंबातमी असलेली माणसे, असे मालगुडीचे सारे साहित्य येथे आहे. भोवती भाताची शेते आहेत, आणि त्यांना १९३४ साली पुऱ्या झालेल्या कावेरी-मेट्टूर योजनेतील कल्लणै कालव्याचे पाणी मिळते. मालगुडीची शरयू नदी कागदावरची, आगुंबेचा पाऊस परप्रांतीचा. पण माणसे येथली, असा भास व्हावा. आणि तरीही हे 'येथले' गाव बोलते हिंदी! ज्या १९८६ साली ते पडद्यावर अवतरले, त्याच वर्षी नव्या शिक्षण धोरणाच्या निमित्ताने तमिळनाडूत हिंदीविरोधी आंदोलन पेटले होते. तमिळ घरात जन्मलेल्या, म्हैसुरात राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाचे गाव, कानडी मुलखात उभारलेले, कोकणी दिग्दर्शकाने हिंदीत बोलते केलेले, ज्या तमिळ प्रदेशासारखे दिसते त्याच प्रदेशाला भाषेने परके. सातव्या-आठव्या पिढीतही घरात मराठी बोलणाऱ्या तंजावरच्या कुटुंबांना मात्र या विसंगतीचे नवल वाटण्याचे कारण नाही. शेजाऱ्याची भाषा एक, दरबाराची दुसरी, देवाची तिसरी, असा संसार त्यांनी व्यंकोजीराजांपासून केलेला आहे.

मालगुडीवरचा मुख्य आक्षेप भाषेचा नव्हे. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ साली नारायण यांच्या 'मिस्टर संपत'चा विचार करताना असे सुचविले की या विनोदी, सोशीक जगाच्या तळाशी अलिप्ततेचे एक तत्त्वज्ञान आहे. जे आहे ते असेच चालायचे, असे ते म्हणते. नायपॉल यांचा स्वर तुसडा आहे, पण मुद्दा झटकून टाकण्याजोगा नाही. ओरत्तनाडु ज्या जुन्या तंजावर जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे चव्वेचाळीस दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली होती. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. या घटनेवर इंदिरा पार्थसारथी यांनी 'कुरुदिप्पुनल' ही तमिळ कादंबरी लिहिली आणि १९७७ साली तिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार नारायण यांना १९६० साली 'द गाइड'साठी मिळालेला होता. दोन्ही पुस्तके एकाच फडताळात शेजारी ठेवली की विचारावेसे वाटते, की मालगुडीचा निर्माता हाही एक तनप्पाच काय? लग्नघर आनंदात राहावे म्हणून त्याने सेलमचे कार्ड झोळीत ठेवून दिले काय?

या प्रश्नाला 'लीलाज फ्रेंड' या भागापाशी अडखळावे लागते. कथा सर्वांच्या ओळखीची आहे. शिवशंकर यांच्या घरी सिद्दा नावाचा गडी राहतो. छोट्या लीलाला तो चंद्राच्या गमती सांगतो; लीला त्याची मास्तरीण होऊन त्याला अक्षरे गिरवायला लावते आणि ती त्याला जमत नाहीत. एके दिवशी लीलाच्या गळ्यातली सोन्याची साखळी नाहीशी होते. सिद्दा पूर्वी तुरुंगात गेलेला आहे असे कळते, आणि तेवढे पुरेसे ठरते. तो पकडला जातो. काही दिवसांनी साखळी चिंचेच्या भांड्यात सापडते. लीलानेच ती तेथे टाकलेली असते. गृहस्थ पोलिसांना कळविण्याचे ठरवतात, पण असल्या गुन्हेगाराला घरात ठेवता आले नसतेच, असेही वर म्हणतात.

बालप्रेक्षकाला यात चंद्र आठवतो आणि चिंचेचे भांडे आठवते. ते शेवटचे वाक्य आठवत नाही. वाक्य उच्चारणारा खलनायक नाही, पोराबाळांचा प्रेमळ बाप आहे, आणि त्यामुळेच ते कानांवरून सरकून गेले. तबकडी मागे नेऊन ते पुन्हा ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की पत्र दडवलेले नव्हते. ते त्याच आठवड्यात, त्याच अर्ध्या तासात, रीतसर दारात टाकले गेले होते. पाकीट हसरे होते म्हणून कोणी फोडले नाही. मग अपराध टपालवाल्याचा की घरच्यांचा?

तथापि नारायण यांना एवढ्यावर निर्दोष सोडून देता येत नाही. सिद्दाला निदान फाटकाच्या आत प्रवेश आहे, म्हणून त्याच्यावरचा अन्याय घरातून दिसतो. शेतावरचा मजूर फाटकापर्यंतही येत नाही. मालगुडी हे ओसऱ्यांचे, दुकानांचे, शाळांचे गाव आहे. तेथला तांदूळ कोण पिकवतो हे तेथे क्वचितच विचारले जाते. पण न दिसणे आणि दडवणे यांत भेद केला पाहिजे. तनप्पाने कार्ड वाचले होते. ज्याने वाचलेच नाही त्याच्यावर दडवल्याचा आरोप येत नाही. त्याच्यावर फार तर असा आरोप येईल की त्याने आपली फेरी त्या वस्तीपर्यंत नेली नाही. हा आरोप सौम्य नाही, वेगळा आहे. मराठी वाचकाला हा भेद परिचयाचा असावा. 'व्यक्ती आणि वल्ली'तील माणसांवर ज्याने जीव लावला, त्याच वाचकाच्या दारात १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' येऊन पडले. त्यामुळे आधीची माणसे खोटी ठरली नाहीत. त्यांच्या घराला मागे एक दार होते, एवढे कळले.

ओरत्तनाडुत या प्रश्नाची एक दगडी साक्ष उभी आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे अन्नछत्र बांधले आणि त्याला मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीचे नाव दिले. गावालाही मुक्तांबाळपुरम असे नाव पडले. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी ही वाटेवरची सोय. इमारतीला रथाचा घाट आहे: चाके, घोडे, हत्ती, सारे कोरीव. काळ मात्र मोठा दुबळेपणाचा होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती किल्ला, ग्रंथालय आणि तनखा एवढेच उरले होते. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे उत्पन्न तरी तोडू नका, अशी गळ घातली. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यापर्यंत सर्वांना येथे अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते, अनाथ मुलांना सांभाळले व शिकवले जाते, आणि वाटेत मेलेल्याचे ज्याच्या त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यविधी होतात, असा त्या पत्राचा आशय आहे.

'ज्याच्या त्याच्या जातीच्या रीतीने' हे शब्द आज थांबून वाचावे लागतात. सर्वांना भात मिळाला. सर्वांना एका पंगतीत मिळाला, असे त्यात म्हटलेले नाही. व्यवस्थेला हात न लावता तिच्या आत केलेला हा दयाधर्म. दक्षिणेच्या उन्हात चालून आलेल्या भुकेल्याला त्या भाताची किंमत काय होती, हे पोट भरलेल्याने ठरवू नये हे खरेच. पण इतिहास वाचणारा भुकेला नसतो, आणि म्हणून त्याला विचारण्याची मोकळीक आहे, किंबहुना ते त्याच्यावर बंधन आहे. राज्य गेलेल्या राजाने छत्र राखले आणि साम्राज्याच्या छायेत वाढलेल्या लेखकाने एक गाव राखले. दोघांनीही आपल्या आवाक्यातली जागा निवडली आणि तेथे माणसांना माणसांसारखे वागवले. आवाक्याबाहेर जे होते त्याविषयी सरफोजींच्या पत्रात अनवधानाने एक नोंद राहिली, आणि नारायण यांच्या कथेत मात्र ती जाणूनबुजून, एका प्रेमळ बापाच्या तोंडी ठेवली गेली. अनवधानाने राहिलेल्या नोंदीपेक्षा जाणून ठेवलेली नोंद अधिक धैर्याची मानावी काय, हे वाचकाने कोणत्या घरातून पाहिले यावरही थोडे अवलंबून राहील.

आता पुन्हा रामानुजमकडे. त्याच्या हातात जुनी तार आहे, डोळ्यांत पाणी आहे. तो तक्रार करीत नाही. तनप्पाने केले ते योग्यच केले, असेही तो म्हणत नाही. असे करायला नको होते, एवढेच त्याचे म्हणणे. तनप्पाला क्षमा मिळते, मान्यता मिळत नाही. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, आणि बहुतेक कथा तेथे पोचायच्या आत संपतात. ही तेथेच पोचून संपते. तबकडी आपोआप पुढच्या भागावर सरकते, लक्ष्मण यांची रेखाचित्रे पुन्हा उमटू लागतात, आणि खोलीतले कोणीतरी, बहुधा वयाने सर्वांत लहान असलेले, तो आधीचा भाग आणखी एकदा लावा म्हणून हट्ट धरते.